वळिवड्याला आलेले पाहुणे

लग्नसराई आली की राजारामपुरीतली मंडळी गांधीनगरची वाट धरतात. साड्या घ्यायच्या, आहेराचे कापड घ्यायचे, मुलांना कपडे घ्यायचे. गांधीनगर म्हणजे कापडाची मोठी पेठ. तिथले पुष्कळ दुकानदार सिंधी आहेत, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण ही पेठ नव्हती, तेव्हा त्या जागी कोण राहत होते?

तेव्हा तिथे पोलंड देशातली माणसे राहत होती. दहा-वीस नव्हे, पाच हजारांच्या आसपास!

तुम्ही म्हणाल, "पोलंड कुठं आणि कोल्हापूर कुठं? इतक्या लांबची माणसं इथं कशी आली?"

राष्ट्राराष्ट्रांची दोस्ती आणि राष्ट्राराष्ट्रांचे वैर, यांनी त्यांना इथे आणले. कसे ते पाहू.

मधले घर

आपल्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. समजा, एका गल्लीत तीन घरे लागून आहेत. मधले घर गरीब माणसाचे. दोन्ही बाजूंचे शेजारी दांडगे. त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. पण एके रात्री ते दोघे गुपचूप बसतात आणि ठरवतात, "मधल्या घराची ओसरी तुझी, परसू माझं." मधल्या घरच्या माणसाला कोणी विचारतही नाही.

पोलंडचे असेच झाले. त्याच्या पश्चिमेला जर्मनी, पूर्वेला सोव्हिएट रशिया. हे दोन्ही देश एकमेकांचे कट्टर वैरी समजले जात. पण २३ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी करार केला. "आम्ही एकमेकांवर हल्ला करणार नाही," असे त्यांनी जगाला सांगितले. करारात एक गुप्त कलमही होते. पोलंड कसा वाटून घ्यायचा, ते त्यात लिहिले होते.

१ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून हल्ला केला. १७ सप्टेंबरला रशियाचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. झालं, पोलंडचे दोन तुकडे झाले.

पोलंडला दोस्त नव्हते काय? होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मदतीचे वचन दिले होते. त्यांनी ३ सप्टेंबरला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. पण पोलंड वाचेल अशी मदत वेळेवर पोचली नाही. हेच दुसरे महायुद्ध. त्याच दिवशी व्हाइसरॉयने भारतही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. आपल्या पुढाऱ्यांना त्याने विचारले नव्हते. न विचारता ठरवण्याचा प्रकार आपल्याही वाट्याला आला, बरं का!

घर सुटले

पूर्व पोलंड रशियाच्या हाती गेला. १९४० आणि १९४१ साली तिथल्या लाखो माणसांना रशियाने घराबाहेर काढले. बायका, मुले, म्हातारे, सर्वांना मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. तिथे कडाक्याची थंडी. जंगलात लाकूड तोडायचे, शेतावर राबायचे, मिळेल तो भाकरीचा तुकडा खायचा. भुकेने आणि रोगाने कितीतरी माणसे दगावली.

वैरी दोस्त झाले

मग वारे फिरले. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने करार मोडला आणि रशियावरच हल्ला केला. आता रशियाला सोबती हवे होते. तो इंग्लंडच्या बाजूला आला. पोलंडचे सरकार देश सोडून लंडनला गेले होते, तेही इंग्लंडच्याच बाजूचे. म्हणजे कालचे वैरी एका पंगतीला बसले!

३० जुलै १९४१ रोजी पोलंडच्या सरकारने आणि रशियाने करार केला. कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका करायची आणि त्यांची फौज उभारायची, असे ठरले. एका कराराने ज्यांचे घर गेले, त्यांची सुटका दुसऱ्या कराराने झाली.

१९४२ साली ही फौज कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिच्याबरोबर हजारो बायका-मुलेही आली. या बायका-मुलांना ठेवायचे कुठे? काहींना आफ्रिकेत पाठवले, काहींना भारतात. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला. आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेकाठच्या वळिवडे गावाजवळ मोठी छावणी उभी राहिली. लोक तिला वळिवडे कॅम्प म्हणत.

परक्या मुलखात संसार

कॅम्पात लांबच लांब बराकी होत्या. राहणाऱ्यांत बायका आणि मुलेच जास्त. बाप, भाऊ, नवरे लढाईवर गेलेले. मुलांसाठी शाळा निघाल्या. दवाखाना झाला, प्रार्थनेला चर्च झाले. खर्चाचा भार मुख्यतः लंडनच्या पोलिश सरकारने उचलला.

बर्फात गारठलेल्या या माणसांना इथे ऊन मिळाले, पोटभर अन्न मिळाले, मुलांना अक्षर मिळाले. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती, तरी व्यवहार अडला नाही. एका पोलिश मुलीने तर कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती इथलीच झाली.

सर्वांना एकच आशा होती, युद्ध संपले की घरी जायचे.

युद्ध जिंकले, घर हरवले

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा या गावी तीन बडे पुढारी बसले. अमेरिकेचे रूझवेल्ट, इंग्लंडचे चर्चिल आणि रशियाचे स्टॅलिन. पूर्व पोलंडचा बहुतेक भाग रशियाकडे राहावा, असे त्यांनी ठरवले. पोलंडला त्याबदली जर्मनीचा मुलूख मिळायचा होता. त्या बैठकीत पोलंडचा माणूस नव्हता.

वळिवड्याला ही बातमी आली. कॅम्पातल्या बहुतेकांची घरे पूर्व पोलंडातच होती. दोस्तांचा विजय झाला, पण यांचे घर परक्या देशात गेले. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडनेही लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली.

आता जायचे कुठे? काहीजण नव्या पोलंडात परतले. पुष्कळजण फौजेतल्या आपल्या माणसांकडे इंग्लंडला गेले. काहींनी आणखी दूरचे देश गाठले. १९४८ साली कॅम्प उठला. काहींच्या कबरी मात्र कोल्हापुरातच राहिल्या.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. १९४७ साली आपल्याच देशाची फाळणी झाली होती. सिंध पाकिस्तानात गेला. घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत आसरा मिळाला. त्यांनी कष्टाने व्यापार वाढवला. तेच आजचे गांधीनगर. एकाच छपराखाली आधी पोलंडच्या वाटणीने उठवलेली माणसे राहिली, मग भारताच्या वाटणीने.

पोलिश लोक वळिवडे विसरले नाहीत. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचे स्मारक आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली.

यातून काय घ्यावे?

राष्ट्रांनी करार करूच नयेत, असे नाही. करारानेच ती माणसे सुटली. पण सगळे करार सारखे नसतात. वर्तमानपत्रात "अमक्या देशाने तमक्या देशाशी करार केला" असे वाचाल, तेव्हा मनाशी तीन प्रश्न विचारा. बैठकीत कोण बसले होते? करार कोणाच्या जमिनीचा, कोणाच्या घराचा आहे? आणि त्या घरच्या माणसाला विचारले होते का?

वळिवड्याच्या पाहुण्यांना कोणी विचारले नव्हते. तेवढ्यानेच त्यांना अर्ध्या जगाची वाट तुडवावी लागली.