सागवानी हातांची खुर्ची : डॅनिश रचनापरंपरा आणि वऱ्हाडातील अनोंदित वारसा

प्रस्तावना :

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याच्या ओसरीवर हातांची सागवानी खुर्ची आजही आढळते. वाडा पाडला जातो तेव्हा ती बहुधा लाकडाच्या भावाने विकली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये घडलेल्या सागवानी खुर्च्या मात्र आज संग्रहालयांत जतन केल्या जातात. एकाच जातीच्या लाकडाला असे भिन्न मोल का प्राप्त होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सागाचे गुणधर्म :

साग (टेक्टोना ग्रँडिस) या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी व ओल यांस ते दाद देत नाही आणि ऋतुमानानुसार फारसे फुगत वा आक्रसत नाही. त्यातील सिलिकेमुळे मात्र साध्या पोलादी हत्याराची धार लवकर बोथट होते. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तो आग्नेय आशियातून तेथे मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आणि टंगस्टन कार्बाइडच्या पात्यांमुळे कारखान्यात कापणे सुलभ झाले.

डॅनिश रचनापरंपरा :

कोरे क्लिंट यांनी 1924 पासून कोपनहेगनच्या राजकीय कला अकादमीत फर्निचर-रचनेचे शिक्षण सुरू केले. मानवी देहाची मापे घेणे आणि जुन्या वस्तूंचा अभ्यास करणे हा त्यांच्या अध्यापनाचा पाया होता. त्यांची 1933 ची 'सफारी' खुर्ची भारतातील रुरकी येथील लष्करी छावणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घडीच्या खुर्चीवर आधारलेली आहे. म्हणजेच या परंपरेच्या मुळाशी भारतात वापरल्या गेलेल्या एका वस्तूचाही अभ्यास आहे.

कोपनहेगनच्या सुतार-कारागिरांच्या संघाने 1927 ते 1966 या काळात दरवर्षी प्रदर्शने भरविली. त्यांतून रचनाकार व कारागीर यांच्या जोड्या जमल्या. फिन यूल यांच्या खुर्च्या निल्स वोडर यांनी, तर हान्स वेग्नर यांच्या खुर्च्या योहानेस हान्सेन यांच्या कार्यशाळेने घडविल्या. वेग्नर यांच्या 1949 च्या गोल खुर्चीत पाठ व हात यांची एकच सलग वळणदार रेषा आहे. सांधा झाकण्यासाठी पाठीला प्रथम वेत गुंडाळला होता. पुढे दातेरी सांधा उघडा ठेवून तोच अलंकार मानला गेला. 26 सप्टेंबर 1960 रोजी केनेडी व निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत हीच खुर्ची वापरली गेली. रचनाकार, कारागीर व वर्ष यांची नोंद राहिल्यामुळेच अशा खुर्चीची ओळख आज निःसंशय पटते.

चंदीगडचा धडा :

नोंदीअभावी काय घडते, याचे उदाहरण भारतातच आहे. पिएर जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली 1950 च्या दशकात चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी साग व वेताच्या खुर्च्या तयार झाल्या. पुढे त्यांतील कित्येक निकामी सामान म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशी लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2011 मध्ये त्यांच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. तोवर बरेच सामान हातचे गेले होते.

वऱ्हाडातील स्थिती :

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध असून त्याच्या पायथ्याशी असलेले परतवाडा हे लाकूड व्यापाराचे जुने गाव आहे. विदर्भाच्या सागाची कीर्ती दूरवर आहे. 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनासाठीही सागवान नागपूरहून गेले. लाकडाला असे नाव लाभले, परंतु त्यातून खाच व कुसू बेमालूम जुळवून खुर्ची उभी करणाऱ्या गावोगावच्या सुताराला ते लाभले नाही. त्याच्या कामावर शिक्का नसे आणि त्याचे नाव घरातील वृद्धांच्या स्मरणातच राहिले.

निष्कर्ष :

डॅनिश खुर्चीचे मोल केवळ लाकडात नाही. ते रचनेत, सांध्यात आणि नोंदीत आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी वऱ्हाडातील उत्तम खुर्च्यांतही आढळतात. उणीव तिसऱ्या गोष्टीची आहे. ती भरून काढण्यास मोठा निधी लागत नाही. छायाचित्र, मापे, सांध्यांचे रेखाटन आणि घडविणाऱ्याचे नाव एवढी नोंद ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थीही करू शकतात. मात्र ते नाव सांगणारी पिढी हयात आहे तोवरच हे कार्य होणे शक्य आहे.