वारली आकृती आणि बालपुस्तकांतील चित्रे

पहिलीच्या वर्गात एखादे मूल महिनोन्महिने तोंड उघडीत नाही, हा अनुभव शिक्षकबंधुभगिनींस नवा नाही. ज्याची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून निराळी आहे, त्याच्या बाबतीत तर तो वारंवार येतो. अशा मुलांच्या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातील चित्रकार कै. जिव्या सोमा म्हसे यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

म्हसे यांचा जन्म १९३४ साली एका वारली कुटुंबात झाला. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि त्या आघाताने मुलाचे बोलणेच थांबले. पुढील कित्येक वर्षे तो धुळीत आकृत्या काढून मनातील गोष्ट सांगत असे. वारली समाजात चित्र हे मुख्यतः सुवासिनींचे काम. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर त्या तांदळाच्या पिठाने देवचौक 'लिहितात'. वारली बोलीत चित्रासाठी लिहिणे हेच क्रियापद योजतात, हे भाषाशिक्षकाने ध्यानात ठेवावे. म्हसे मात्र लग्नाची वाट न पाहता रोजच लिहू लागले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे ते राहत. १९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांच्या हाती कागद व रंग दिले. १९७६ साली त्यांस राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या आकृतीची रचना पाहावी. टोकाशी टोक जुळविलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर लहान वर्तुळ म्हणजे डोके, हातपाय नुसत्या रेषा. चेहऱ्यावर भाव बहुधा नाहीतच. तरीही माणूस नाचतो आहे की जाळे ओढतो आहे, हे क्षणात कळते. कारण सारा अर्थ धडाच्या कलण्यात व हातापायांच्या कोनात भरलेला असतो. थोडक्यात, ही आकृती म्हणजे मूर्तिमंत क्रियापद होय.

भिंतीवरून कागदावर आलेली ही आकृती पुढे बालपुस्तकात गेली. चेन्नईच्या तारा बुक्स या संस्थेने २००९ साली 'डू!' नावाचे पुस्तक काढले. गीता वोल्फ यांच्यासमवेत रमेश हेंगाडी, शांताराम धडपे प्रभृती वारली चित्रकारांनी ते सिद्ध केले. त्यात गोष्ट अशी नाही. एकेक क्रियापद घ्यावयाचे आणि ते करणाऱ्या माणसांनी व प्राण्यांनी पान भरावयाचे, एवढीच योजना. न वाचता येणारे मूलही अशा पानावर बराच वेळ रमते.

आपल्याकडे वारली नक्षी शाळेच्या भिंतींवर पुष्कळ दिसते. बहुतेक ठिकाणी ती पाहुण्यांसाठी असते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. गोखिवऱ्याच्या परिसरातील शिक्षकांनी तिचा उपयोग भाषेच्या तासाला करून पाहावा. प्रथम मुलांकडून पाणी भरणे, लावणी करणे, झोडणी करणे अशा क्रिया अंगाने करवून घ्याव्यात, मग पाटीवर खडूने आकृती काढावयास सांगावे. आकृतीखाली शब्द लिहिताना मुलाने प्रथम स्वतःच्या बोलीतील शब्द सांगावा व त्याशेजारी शिक्षकांनी प्रमाण शब्द लिहावा. देवचौक मात्र सरावासाठी देऊ नये. तो पूजेचा विषय आहे. जे मूल अद्याप बोलत नाही, त्याला शब्द विचारण्याची घाई न करता खडू त्याच्याच हाती राहू द्यावा व त्याच्या पाट्यांची तारीखवार नोंद ठेवावी.