घरातील जुना व्हिडिओ गेम आणि लढतीच्या खेळांची पारख

मनोरसारख्या महामार्गावरील बाजारपेठेत व्यापारी कुटुंबाचे घर आणि दुकान यांत फारसे अंतर नसते. पुढे गल्ला, मागे किंवा वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. मुंबई-अहमदाबाद रस्त्याची वर्दळ आणि पालघर व वाड्याकडे जाणारी गिऱ्हाइके यांमुळे वडीलधारी मंडळी रात्रीपर्यंत दुकानात गुंतलेली असतात. शाळा सुटल्यावर मुले घरी असतात, आणि पावसाळ्याचे चार महिने तर त्यांना बाहेर खेळायलाही फारसे जाता येत नाही. अशा घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात एखादा जुना प्लेस्टेशन २ अजूनही आढळतो. थोरल्याने वापरून धाकट्याला दिलेला, किंवा मुंबईच्या मामाने नवे यंत्र घेतल्यावर भाच्याकडे पाठवलेला.

यंत्र घरात आले की पहिली मागणी ठरलेली असते : ‘मारामारीचा गेम आणा.’ येथेच जैन घरातील आईवडिलांपुढे पेच उभा राहतो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, पाणी गाळून घेतले जाते, त्या घरात पडद्यावर का होईना, ठोसे आणि लाथा चालाव्यात का? सरसकट नकार दिला तर मूल मित्राच्या घरी जाऊन तेच खेळते, आणि तेथे काय खेळते हे आपल्याला कळत नाही. सरसकट होकार दिला तर जे घरात यावयास नको तेही येते. म्हणून व्यापारी ज्या रीतीने मालाची पारख करतो, त्याच रीतीने या खेळांची पारख करणे इष्ट ठरते.

प्रथम यंत्राविषयी. प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी विक्रीस आला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जगभर त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. घरगुती खेळयंत्रांत हा उच्चांक मानला जातो. आजच्या मोबाईलच्या तुलनेत या जुन्या यंत्राचे काही गुण डोळ्यांत भरतात. त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे अनोळखी माणूस खेळात शिरत नाही. खेळता खेळता पैसे मागणारी खिडकी उघडत नाही. तबकडी एकदा विकत घेतली की व्यवहार संपला. शिवाय ते दिवाणखान्यात, सर्वांच्या देखत चालते. दोन कंट्रोलर असल्याने दोन भावंडे किंवा आजोबा आणि नातू शेजारी बसून खेळू शकतात.

लढतीचा खेळ म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. बंदुका घेऊन गल्लोगल्ली फिरण्याचे खेळ वेगळे. लढतीच्या खेळात दोनच पात्रे समोरासमोर असतात, आखाडा ठरलेला असतो, वेळ मोजलेली असते, आणि बहुधा तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. टेक्केन या मालिकेत चार बटणे म्हणजे दोन हात आणि दोन पाय. व्हर्च्युआ फायटरमध्ये तीनच बटणे : ठोसा, लाथ आणि बचाव. नवखे मूल सर्व बटणे एकदम दाबत सुटते आणि हरते. थोड्या दिवसांनी त्याच्या ध्यानात येते की बचाव आधी शिकावा लागतो, समोरच्याची सवय ओळखावी लागते, आणि राग आला की हात चुकतो. बुद्धिबळाशी याचे नाते कुस्तीइतकेच जवळचे आहे.

परंतु या प्रकारात सगळेच खेळ सारखे नाहीत. १९९२ साली अमेरिकेत मॉर्टल कॉम्बॅट हा खेळ आला. त्यात प्रतिस्पर्धी पूर्णपणे हरून, डोलत, असहाय उभा असताना खेळ विजेत्याला त्याचा शेवट करण्याची आज्ञा देतो, आणि ठरावीक बटणे दाबली की हरलेल्याचा क्रूर वध दाखवला जातो. पुढच्या वर्षी तो घरगुती यंत्रांवर आला. निन्टेंडो कंपनीने रक्ताच्या जागी घाम दाखवला, तर सेगाच्या यंत्रावर गुप्त संकेत वापरून रक्त दिसू शकत होते. बाजाराने कोणाला उचलून धरले? सेगाच्या आवृत्तीला. पुढच्या भागात निन्टेंडोनेही रक्त तसेच ठेवले. जो माल खपतो तोच दुकानदार ठेवतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये याविषयी सुनावणी झाली, आणि १९९४ मध्ये खेळांवर वयाचा शिक्का मारणारी व्यवस्था तेथील उद्योगाने उभी केली. अमेरिकी वेष्टनावर दिसणारी वयाची खूण तिच्यातूनच आली.

आता आपल्या कसोटीकडे वळू. भरत आणि बाहुबली यांची कथा आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. दोन्ही सैन्ये समोरासमोर आली तेव्हा मंत्र्यांनी सुचविले की, भावांच्या कलहात निरपराध सैनिकांचा संहार कशासाठी? दोघांनीच नियमबद्ध लढावे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असे तीन प्रकार आहेत. श्वेतांबर परंपरेत प्रकार आणि संख्या थोडी निराळी आहे, पण मर्म एकच. नियमात बांधलेली, दोघांपुरती लढत ही तेथे संहार टाळण्याची युक्ती आहे. आणि कथेचा कळस लढतीत नसून तिच्या नंतर आहे. हरलेल्या भरताने रागाच्या भरात नियम मोडून चक्र सोडले, तर जिंकत असलेल्या बाहुबलींनी उगारलेला हात आवरला. कुंभोज येथे ज्या मूर्तीपुढे आपण नतमस्तक होतो, ती जिंकूनही थांबलेल्या पुरुषाची आहे.

यातून खेळ निवडण्याची एक साधी, कोणालाही वापरता येईल अशी कसोटी मिळते : जिंकल्यानंतर हा खेळ खेळणाऱ्याच्या हाताला काय करावयास सांगतो? फेरी संपली, पंचाने निकाल दिला, हरलेला पुढच्या फेरीत पुन्हा उभा राहिला, तर ती स्पर्धा. हरलेल्याला छळण्याचे बक्षीस मिळत असेल, तर ते क्रौर्य. पहिल्याविषयी विचार करता येईल. दुसऱ्याला घरात जागा नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘पडद्यावर कोण मरतो? सारे खोटेच तर आहे.’ या युक्तिवादाला आपल्या परंपरेने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या १० व्या शतकातील ग्रंथात यशोधर राजाची कथा आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. पिठाला कसली वेदना? तरीही मारण्याचा संकल्प मनात होता, म्हणून त्या दोघांना अनेक जन्म पशुयोनीत भोगावे लागले. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड-विरमणही आहे. निष्प्रयोजन दुष्ट चिंतन हा त्यातील एक दोष. पडद्यावरचे पात्र हे आजच्या काळातील पिठाचा कोंबडाच आहे. म्हणून ‘खोटे आहे’ एवढे म्हणून सुटका होत नाही. खेळताना मूल कशात रमते, हे पाहावे लागते. समोरच्याची चाल ओळखण्यात रमत असेल तर एक गोष्ट; त्याच्या हाडांच्या आवाजात रमत असेल तर दुसरी.

याच न्यायाची दुसरी बाजूही आहे. २००९ च्या सुमारास हैदराबादच्या एका कंपनीने प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ हा खेळ तयार केला. त्यात कबड्डी, विटीदांडू आणि पतंगही आहेत. संक्रांतीला मांज्याने पाखरे कापली जातात म्हणून आपली कितीतरी मंडळी जीवदयेच्या कामाला धावतात. पडद्यावरच्या पतंगाने एकाही पाखराचा पंख कापला जात नाही. चढाओढ हवी, पण मारामारी नको, अशा घराने प्रथम हा खेळ शोधावा.

लढतीचाच खेळ द्यावयाचा झाल्यास काही नावे विचारात घेण्यासारखी आहेत. टेक्केन ५ हा २००५ चा खेळ; त्याच तबकडीत मालिकेतील पहिले तीन आर्केड खेळही आहेत, त्यामुळे एका खरेदीत चार मिळतात. मार बसला की रक्ताऐवजी ठिणग्या दिसतात आणि अमेरिकी शिक्का १३ वर्षांपुढील मुलांसाठी आहे. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. यात अस्वल आणि कांगारू हेही लढवय्ये आहेत. प्राण्यावर प्रहार नको वाटत असेल तर ती पात्रे न निवडण्याचा नियम घरात करता येतो. आणि त्याची कथा म्हणजे आजोबा, मुलगा व नातू यांनी घराण्याच्या पेढीच्या मालकीसाठी मांडलेले वैर आहे. व्यापारी कुटुंबात ती कथा ऐकवून वाटणीच्या भांडणाविषयी चार शब्द सांगायला हरकत नाही.

शिकण्याची आवड असलेल्या मुलासाठी व्हर्च्युआ फायटर ४ : इव्होल्यूशन (२००३) उत्तम. त्यातील सरावाचा विभाग शिक्षकासारखा पायरीपायरीने शिकवतो. मात्र त्यात मद्य पिऊन लढणारा एक वृद्ध आहे, याची पालकांना कल्पना असावी. स्ट्रीट फायटर अल्फा अँथॉलॉजी (२००६) ही चित्रांसारखी रंगीत, जुन्या धाटणीची तबकडी. या मालिकेत १९९१ पासून धालसिम हा भारतीय योगी आहे. हातपाय लांब करणारा, तोंडातून ज्वाळा सोडणारा हा योगी आपल्याला हास्यास्पद वाटेल; पण तो हिंसेचा तिटकारा असलेला आणि केवळ गावाच्या मदतीसाठी लढणारा दाखवला आहे. परदेशी कलावंतांनी आपल्याकडे कसे पाहिले, याची चर्चा मुलांशी करण्यास तो चांगले निमित्त आहे. सोलकॅलिबर २ मध्ये तलवारी-भाले असूनही रक्त दिसत नाही. परंतु काही स्त्रीपात्रांचा पोशाख घरच्यांसोबत पाहताना संकोच वाटावा असा आहे. मॉर्टल कॉम्बॅटच्या तबकड्यांवर १७ वर्षांपुढचा शिक्का आहे. आपल्या कसोटीवर ती मालिका उतरत नाही. तिला नकार द्यावा आणि नकाराचे कारणही मुलाला सांगावे.

खरेदीच्या वेळी आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या व्यवसायाशी अधिक निगडित आहे. या यंत्रासाठी साध्या पाकिटात नकली तबकड्यांचा सुळसुळाट होता आणि जुन्या बाजारात त्या अजूनही दिसतात. अशा तबकडीवर ना वयाचा शिक्का, ना आत काय आहे याचे वर्णन. वरचे नाव आणि आतला खेळ यांचा मेळ असेलच असे नाही. पालकाच्या हातातील एकमेव मापच नाहीसे होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये चोरीचा माल घेणे आणि अस्सलात नकली मिसळणे या दोहोंचा उल्लेख आहे. दुकानात खोटे माप न ठेवणाऱ्याने मुलाच्या हाती चोरून उतरवलेली तबकडी द्यावी, हे जुळत नाही. हिंसा टाळून चोरी घरात आणली, तर हिशेब कोठे जमला?

वापरलेले यंत्र व तबकडी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या तबकड्या युरोपीय पद्धतीच्या असून त्यांच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा वयाचा आकडा असतो. अमेरिकी किंवा जपानी तबकडी मूळ स्थितीतील भारतीय यंत्रावर चालत नाही. यंत्र विक्रेत्यासमोरच लावून किमान अर्धा तास खेळून पाहावे, कारण जुन्या यंत्रात तबकडी वाचणारी भिंग प्रथम थकते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तबकडीवर बुरशी धरते. ती कोरड्या डब्यात ठेवावी आणि मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. दोन्ही कंट्रोलरची सर्व बटणे तपासावीत. आपल्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारेची जागा आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. नव्या टीव्हींत ती अनेकदा नसते. खेळाची प्रगती जपण्यासाठी ८ एमबीचे मेमरी कार्ड वेगळे लागते.

खेळ घरात आल्यावरही पारख संपत नाही. पहिल्या दिवशी घरातील एका मोठ्या माणसाने दुसरा कंट्रोलर हाती घ्यावा. आपण हरणार हे निश्चित आहे, तरीही घ्यावा. हरल्यानंतर मूल कसे बोलते, जिंकल्यानंतर धाकट्या बहिणीला चिडवते का, हे दहा फेऱ्यांत कळते. अशा अनेक खेळांत दुबळ्या खेळाडूला सवलत देण्याची सोय असते. थोरल्याने ती धाकट्याला आपणहून द्यावी, असा शिरस्ता ठेवावा. खेळण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती पाळली जाईल असे पाहावे. पर्युषणात यंत्र बंद ठेवावे; प्रतिक्रमणाच्या दिवसांत ठोशांचा आवाज घरात नको, हे मुलांनाही पटते. आणि लढतीनंतर दोन्ही खेळाडूंनी एकमेकांना हात जोडावेत. आखाड्यातील मल्लही हेच करतात.

तबकडी कोणतीही आणा, तिच्यासोबत घरात एक सवय येते. जिंकल्यावर थांबण्याची सवय येणार असेल, तर कप्प्यातील ते जुने यंत्र आणखी काही वर्षे तेथे राहण्यास हरकत नाही.