व्यवसाय कर आणि रोजगाराची हमी

तिजोरीवर ताण असताना नवा कर बसवावयाचा, तर तो एखाद्या समाजकार्यासाठी राखून ठेवावा, की सर्वसाधारण महसुलात मिसळू द्यावा? सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासातील हा जुना वाद होय. महाराष्ट्राने १९७५ मध्ये त्याला दिलेले उत्तर पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे.

१९७२-७३ च्या दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात, राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुली गावचे वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते, आणि रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळ सरला तरी मजुराची बेकारी सरणारी नव्हती. यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली म्हणजे पावसाळ्यापर्यंत शेतात काम ते कितीसे? परंतु दुष्काळनिवारणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या साह्याची रीत सहाव्या वित्त आयोगानंतर बदलली, आणि हमीचा भार राज्यावरच आला.

तो पेलण्यासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. विक्रीकर व मोटार वाहन कर यांवरील जादा आकारणी, शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरील कर आणि ओलिताच्या जमिनीवरील खास आकारणी यांची त्यास जोड मिळाली. जमेइतकीच रक्कम राज्याने आपल्या पदरची घालावयाची होती. ओलीत थोडे असलेल्या यवतमाळकडून यात पडणारी भर अल्प, तर व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईचा. शहरी पगारदाराने कोरडवाहू मजुराची हमी घ्यावी, असा हा व्यवहार होता.

या कराविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कराची मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. मर्यादा गाठल्यावर लक्षाधीश वकील आणि मध्यम पगाराचा कारकून एकाच पंगतीला बसतात. शिवाय कारकुनाचा कर पगारातूनच कापला जातो. चुकविण्याची सोय त्याला नाही. आक्षेप खरा आहे. तरीही कर टिकला, कारण पैसा कोठे जाणार हे भरणाऱ्यास ठाऊक होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला आणि काम मागणे हा ग्रामीण प्रौढाचा हक्क ठरला. येथेच रचनेतील फट दिसते. कराची जमा पगाराच्या टप्प्यांवरून ठरते, खर्च मात्र मजुरांच्या मागणीवरून ठरावयाचा. आणि मागणी नोंदवून काम उघडणारे शासनच. १९८८ मध्ये किमान वेतन सुमारे दुप्पट झाले व त्यापाठोपाठ योजनेवरील रोजगार घटला. दर वाढल्यावर काम मागणारे कमी व्हावेत, हे अर्थशास्त्रास पटणारे नाही. आखडली ती कामे, असेच म्हणावे लागते. पुढे जमा खर्चाहून अधिक राहू लागली आणि राखीव म्हणविलेला पैसा सर्वसाधारण महसुलाच्याच उपयोगी पडला. राखीव कराने निधीचे रक्षण होते. मजुराच्या मागणीचे होतेच असे नाही.

२००६ मध्ये केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात यवतमाळ जिल्हा आला आणि अकुशल मजुरीचा १०० दिवसांपर्यंतचा खर्च केंद्राने उचलला. व्यवसाय कर मात्र रद्द झाला नाही. पूर्ण दर लागू असलेल्या यवतमाळच्या शिक्षकाच्या पगारातून आजही तो दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००, असा कापला जातो.