सिगारेट, वजनकाटा आणि योकोझुना चियोनोफुजी

कराटे शिकवणाऱ्या एका वाचकाने पत्रातून दोन प्रश्न विचारले आहेत. रोज दीड तास घाम गाळतो, त्यात दिवसाच्या चार-पाच सिगारेटी जिरून जात नाहीत का? आणि सोडल्या तर वजन वाढून गट बदलेल, त्याचं काय? पहिला प्रश्न नेहमीचा आहे. दुसरा फार मोलाचा, आणि ‘सिगारेट सोडा’ म्हणून सांगणारे सहसा त्याला हातच घालत नाहीत.

पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. सिगारेटच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला आपलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी असतो ना, तसा हा वायू. ऑक्सिजन दारातून रीतसर चढेपर्यंत जागा गेलेली असते. त्यातून ज्या ऑक्सिजनला जागा मिळाली, तोही स्नायूंपाशी पोहोचल्यावर सहजासहजी सुटत नाही.

ही दुसरी गोष्ट 1912 मध्ये मांडणाऱ्या तिघांमध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन पिता-पुत्र होते. आपल्याकडे ओळख आहे ती मुलाची. जेबीएस हाल्डेन 1957 मध्ये कोलकात्याला आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. वडील जॉन स्कॉट हाल्डेन मात्र विस्मरणात गेले, आणि याचं मला फार वाईट वाटतं. या माणसाने 1890च्या दशकात प्रयोगशाळेत बसून हा विषारी वायू स्वतः हुंगला. मधूनमधून स्वतःचंच रक्त काढून तपासलं आणि निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने व्यापेपर्यंत नोंदी घेतल्या. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर मजूर कशाने मरतात, हे त्यांना शोधायचं होतं. खाणीत कॅनरी पक्षी न्यायची सूचनाही त्यांचीच.

सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातलं साधारण पाच टक्के हिमोग्लोबिन असं अडकून पडलेलं असू शकतं. जिना चढताना ते कळणार नाही. पण कुमितेची, म्हणजे कराटेतल्या झुंजीची, लढत तीन मिनिटांची, ज्युदोची चार. शेवटच्या मिनिटाला पाय जड होतात तेव्हा हेच पाच टक्के आठवावेत. शरीर स्वस्थ असताना यातला निम्मा वायू बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. म्हणून डोजोच्या, म्हणजे सरावाच्या जागेच्या, पायरीवर उभं राहून ओढलेली सिगारेट सरावाला सर्वात महागात पडते. आणि ‘चार-पाचच’ हा दिलासाही खोटा आहे. 2018 मध्ये झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं, की दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराची जेवढी जादा जोखीम येते, तिच्या जवळपास निम्मी दिवसाला एकाच सिगारेटीने येते.

आता वजन. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही थोडा वाढवतं. सिगारेट सुटली की या दोन्ही गोष्टी उलट फिरतात आणि वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. पुरुषांच्या कुमितेत 60, 67, 75, 84 किलो असे गट असतात, म्हणजे दोन गटांत अंतर सात ते नऊ किलोचं. ज्याचं वजन आधीच वरच्या काठाला टेकलंय, त्याला ही भीती वाटणारच. ‘तब्येत महत्त्वाची की पदक?’ असं विचारून ती जात नाही.

जपानच्या व्यावसायिक सुमो कुस्तीत मात्र वजनगटच नाहीत, आणि तिथली गोष्ट मला अतिशय आवडते. तरुण चियोनोफुजी सडपातळ होता, खांदा वारंवार निखळायचा, आणि तो भरपूर सिगारेट ओढायचा. ताकानोहाना हा वरच्या दर्जाचा मल्ल, तोही सुमोच्या मानाने हलकाच. त्याने या धाकट्याला सिगारेट सोडायला सांगितलं. चियोनोफुजीने सोडली आणि त्याचं वजन वाढलं. 1981च्या जानेवारीत ताकानोहाना निवृत्त झाला. त्याच वर्षी चियोनोफुजी योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च दर्जाचा मल्ल, झाला. सगळ्या कारकिर्दीत मिळून त्याने 31 स्पर्धा आणि 1045 लढती जिंकल्या. हे यश सिगारेट सोडल्यामुळे मिळालं, असं मी म्हणणार नाही. निखळणारा खांदा जागेवर राहावा म्हणून त्याने स्नायू कमावायला घेतलेली मेहनत अफाट होती. पण ज्या चार-पाच किलोंना आपण घाबरतो, तेच त्याला हवे होते.

ते किलो रोखता येतात का? काही प्रमाणात येतात. अमेरिकेत संशोधक बेस मार्कस यांनी 281 स्त्रियांवर केलेला प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सिगारेट सोडण्यासाठी समुपदेशन होतं. निम्म्या जणींना त्याशिवाय आठवड्यातून तीनदा जोमाचा व्यायाम. वर्षानंतर व्यायाम करणाऱ्यांपैकी 11.9 टक्के सिगारेटपासून दूर होत्या, दुसऱ्या गटात 5.4 टक्के. सोडलेल्यांमध्ये व्यायाम करणाऱ्यांचं वजनही कमी वाढलं.

एवढ्यावरून ‘कराटे लावा, सिगारेट सुटेल’ अशी जाहिरात कुणी करू नये. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019च्या आढाव्यात असे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा व्यायामाची जोड दिल्याने अधिक लोकांची सिगारेट सुटते, असं काही हाती लागलं नाही. व्यायामाने नक्की होतं ते इतकंच, की दहा-पंधरा मिनिटं झपझप चाललं तरी तलफ तेवढ्यापुरती ओसरते. माझ्या मते हे ‘इतकंच’ लढणाऱ्या माणसासाठी कमी नाही. तलफेचा जोर काही मिनिटांचाच असतो, आणि तेवढ्या वेळात एक-दोन काता, म्हणजे कराटेच्या ठरावीक हालचालींच्या मालिका, सहज होतात.

पण सिगारेटवरच थांबून चालणार नाही, कारण महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू मळणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. 2016-17च्या पाहणीत प्रौढांपैकी 3.8 टक्के ओढणारे आणि 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. तेव्हा हा प्रश्न डोजोइतकाच तालमीचाही आहे. मळलेल्या तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नाही, पण निकोटिन तेच आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही आहे.

पत्रलेखकाला माझा सल्ला असा. सोडायची तारीख स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची ठरवा, म्हणजे पुढच्या वजनकाट्यापर्यंत हाताशी काही महिने राहतील. निकोटिनचं च्युइंगम लागलं तर डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 2012 पासून निकोटिनच्या वापरावर फक्त लक्ष ठेवून आहे, त्यावर बंदी घातलेली नाही. आणि 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा.