विश्लेषण : इंग्लंडच्या खेड्यात रपेटीचा घोडा घेताना रक्त का तपासतात?

इंग्लंडमधला घोडा म्हटले की आपल्याला शर्यती आठवतात. पण तिथल्या ग्रामीण भागातले बहुतांश व्यवहार साध्या, हौसेच्या घोड्यांचे असतात. मुलगी उंच झाली, तट्टू लहान पडले, की जाहिरात दिली जाते. उंची मोजायची 'हँड'मध्ये. एक हँड म्हणजे चार इंच, आणि १४ हँड २ इंचांपर्यंतचे जनावर साधारणपणे 'पोनी'त मोडते. सौदा कुणाच्या तरी तबेल्यात, चिखलात उभे राहूनच होतो. फसवणूकही तिथेच होते.

फसवणूक कशी होते?

बुजरा घोडा गुंगीच्या औषधाने तासाभरासाठी गरीब गाय होतो. लंगडणारा घोडा वेदनाशामकाने सरळ चालतो. औषध उतरल्यावर त्याच घोड्यावर दहा वर्षांचे मूल बसलेले असते, समोरून ट्रॅक्टर येत असतो आणि रस्ता जेमतेम एका गाडीपुरता असतो. त्यामुळे अनुभवी ग्राहक न कळवता दुसऱ्यांदा जातो, आधी मालकाला स्वार व्हायला लावतो, मगच स्वतः बसतो.

त्यानंतर पशुवैद्य येतो. तो विक्रेत्याचा नेहमीचा नसलेला बरा. पूर्ण तपासणी पाच टप्प्यांची असते : उभ्याने तपासणी, चालवून व दुडक्या चालीत पळवून पाहणे, स्वारीचा व्यायाम, विश्रांती आणि पुन्हा पळवणे. शिवाय रक्ताचा नमुना घेऊन तो साधारण सहा महिने जपून ठेवतात. घोडा महिन्याभरात लंगडू लागला, तर तो नमुना तपासता येतो. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतात. तिथे भरवसा या बाटलीवर असतो.

विकणारा कोण, याला इतके महत्त्व का?

कारण कायदा तिथेच फिरतो. विक्रेता व्यापारी असेल, तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. घोडा वर्णनाप्रमाणे, ठरलेल्या कामाला योग्य हवा. नसेल तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर मात्र विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. कायदा वॉशिंग मशीनलाही तोच, त्यामुळे घोडा 'दुरुस्त' कसा करायचा, हा वकिलांच्या डोकेदुखीचा विषय!

विक्रेता खासगी असेल, तर यातले बरेचसे संरक्षण जाते. न विचारलेली खोड सांगण्याचे बंधन त्याच्यावर सहसा नसते; दिलेले वर्णन खोटे निघाले तरच दाद मागता येते. 'वाहनांना बुजत नाही' हे जाहिरातीतले एक वाक्य म्हणून मोलाचे. त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि प्रश्न संदेशातून, लेखी विचारावेत. व्यापाऱ्याने घरगुती विक्रेता असल्याचे भासवणे बेकायदा आहे; तरीही मुलीचा लाडका घोडा म्हणून विकला जाणारा घोडा गेल्याच आठवड्यात लिलावातून आलेला असू शकतो.

पासपोर्ट असला की झाले?

नाही. घोड्याला पासपोर्ट लागतोच आणि ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमध्ये मायक्रोचिपही सक्तीची आहे. चिपचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे यंत्र फिरवून लगेच कळते. पासपोर्टाशिवाय विक्री करता येत नाही आणि नव्या मालकाने ३० दिवसांत नोंद बदलून घ्यायची असते. पण पासपोर्ट हा मालकीचा पुरावा नव्हे! तो मुख्यतः ओळखीसाठी आणि औषधांच्या नोंदीसाठी आहे. 'ब्यूट' हे सर्रास वापरले जाणारे वेदनाशामक दिलेला घोडा माणसाच्या खाण्यात जाऊ नये, म्हणून ही नोंद. २०१३ मध्ये गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत घोड्याचे मांस सापडले, तेव्हा या कागदांची मोठी चर्चा झाली.

मालकीसाठी सही केलेली पावती वेगळी घ्यावी लागते. त्यात किंमत, तारीख, चिपचा क्रमांक आणि विक्रेत्याने दिलेली हमी त्याच्याच शब्दांत लिहिलेली असावी. तिथे आधी काही आठवडे घोडा वापरायला देऊन मग सौदा करण्याचीही पद्धत आहे. चांगला घोडा असलेले विक्रेते मात्र त्याला सहसा तयार होत नाहीत. परक्या तबेल्यात त्याचा पाय मोडला तर भरपाई कोण देणार?