चिमणीच्या आधीचा पहारेकरी

चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. यातली बहुतेक राख धुरासोबत उडते, पिठाहून बारीक. तिला चिमणीआधीच अडवतं ते 'ईएसपी' म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपक.

● जनक : अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल, पेटंट १९०८.

● काम कसं चालतं : उभ्या तारांना हजारो व्होल्टचा डीसी दाब दिला जातो. शेजारून जाणारे राखेचे कण ऋणभारित होऊन समोरच्या पोलादी पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि राखेचे पापुद्रे खालच्या हॉपरमध्ये पडतात.

● कार्यक्षमता : देखभाल चोख असेल तर ९९ टक्क्यांहून जास्त.

● मर्यादा : सल्फर डायऑक्साइडसारखे वायू यात अडकत नाहीत, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

● राखेचा उपयोग : सिमेंट, विटा, रस्त्यांचा भराव.

यंत्र बसवणं ही सुरुवात झाली. ते रोज पूर्ण क्षमतेनं चाललं, तरच वीजकेंद्राशेजारच्या अंगणात वाळत घातलेले कपडे स्वच्छ राहतील आणि तिथली माणसं मोकळा श्वास घेतील.